पाण्याचे प्रश्न

संशोधिकेने पुढचा प्रश्न वाचताना आवाज मुद्दाम सपाट ठेवला. असा आवाज कमवायला तिला बरीच वर्षे लागली होती. त्यात कीव चालत नाही, धक्का चालत नाही आणि उत्सुकता तर अजिबात चालत नाही. भाजीचा भाव विचारावा इतक्या सहजपणे तो प्रश्न समोरच्या बाईपर्यंत पोचला पाहिजे.

“गेल्या वर्षभरात घरातल्या कोणी तुमचा गळा दाबला, किंवा श्वास कोंडेल असं दुसरं काही केलं?”

समोरची बाई शाळेच्या गणवेशांना बटणे लावत होती. तिच्या डाव्या हाताला पांढऱ्या शर्टांचा मोठा ढीग होता, उजव्या हाताला त्याहून लहान. तिने दोरा दातांनी तोडला, बटण ओढून पाहिले आणि शर्टाची घडी घालत म्हणाली,

“गळा नाही. उशी.”

संशोधिकेने कागदावर खूण केली. खोलीत तिसरी व्यक्ती होती ती तपासनीस. ज्या प्रतिष्ठानाच्या निधीवर हे संशोधन चालले होते, त्याने तिला पाठवले होते. दाराजवळच्या स्टुलावर ती ताठ बसली होती. मांडीवर मंजूर प्रश्नावलीची प्रत, हातात लाल पेन. प्रश्न वाचला गेला की ती आपल्या प्रतीवर त्याच्यापुढे बारीकशी खूण करत होती. खूण झाल्याशिवाय तिची मान वर होत नव्हती.

“उशी तो...” शिवणारी बाई बोलू लागली आणि थांबली. खाली रस्त्यावर एक स्कूटर बंद झाली होती. संशोधिकेने ती ऐकलीही नव्हती. तिला दिसला तो बाईच्या हातांतला फरक. सुई थांबली नाही, उलट वेगाने चालू लागली.

अशा वेळी काय करायचे ते ठरलेले होते. प्रत्येक मुलाखतीच्या फायलीत दुसरी एक प्रश्नावली असे, पिण्याच्या पाण्याविषयीची. पाऊल वाजले, कोणी डोकावले, की तोच सपाट आवाज मध्ये श्वासही न घेता त्या दुसऱ्या कागदावर जायचा. मुलाखत देणाऱ्या बाईला हे आधीच समजावलेले असे आणि घरातल्या इतरांना “पाण्याची पाहणी” एवढेच सांगितलेले असे. जिन्यावर बुटांचा आवाज आला तोवर वरचा कागद खाली गेला होता.

“आणि पिण्याचं पाणी तुम्ही उकळून घेता की नुसतं गाळून?”

“गाळूनच. उकळायला गॅस काय फुकट येतो, ताई?”

नवरा दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचे हसू. भिंतीवरच्या खुंटीला विसरलेले हेल्मेट घ्यायला तो परत आला होता.

“एक मिनिट,” तपासनीस म्हणाली. तिचे लाल पेन हवेत थांबले होते. “हा प्रश्न मंजूर प्रश्नावलीत नाही.”

नवऱ्याचा हात खुंटीपाशी पोचला होता, तो तिथेच राहिला.

“असं?” त्याने हसतच विचारले. “मग कोणता आहे?”

तपासनीसने वर पाहिले. आपल्या तोंडून काय गेले हे तिला त्या क्षणी कळले. संशोधिकेच्या डोक्यात चार वाक्ये आली आणि चारही तिला खोटी वाटली.

तेवढ्यात शिवणारी बाई हसली. वैतागलेले, घरचे वाटावे असे हसू.

“अहो, आल्यापासून ह्यांचं हेच चाललंय. आधी टाकीचं विचारायचं की आधी गाळण्याचं! ह्या म्हणतात कागदात टाकी आधी आहे, त्या म्हणतात त्यानं काय बिघडतं. दोघींची जुंपलीय आणि माझी बटणं राहिलीत बाजूला. तुम्ही आलात ते बरं झालं. टाकी कधी धुतात ते सांगा बघू ह्यांना, मला कुठलं काय माहीत?”

नवरा बसला. चष्मा पुसून त्याने टाकीविषयी सांगितले, मग नळाच्या दाबाविषयी, मग सोसायटीच्या चिटणिसाच्या आळशीपणाविषयी. बायकोला विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे त्यानेच दिली. संशोधिकेने सगळी लिहून घेतली. निघताना तो त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला आला.

“सगळ्या गल्लीत विचारताय का, मॅडम?”

“सगळ्या गल्लीत.”

“शेजारच्या वहिनी काही बोलल्या नाहीत.”

“तुमच्यापासून सुरुवात केली.”

“छान, छान. मग विचारीन मी एकेकाला, कोणाची टाकी कशी निघाली. तेवढीच गंमत.”

संशोधिकेने वळून एकदा आत पाहिले. बाई खाली मान घालून शिवत होती. बटण तिने शर्टाच्या दोन्ही पदरांतून आरपार टाचले होते; शर्ट छातीपाशी कायमचा बंद झाला होता.

गल्लीच्या टोकापर्यंत संशोधिका झपाझप चालत गेली. औषधांच्या दुकानाच्या सावलीत पोचल्यावर ती थांबली.

“परवा प्रशिक्षणाला तुम्ही होतात ना?”

“होते.”

“पाण्याची प्रश्नावली कधी काढायची, ते तुमच्यासमोर सांगितलं होतं. पान काढून दाखवलं होतं.”

“दाखवलं होतं. मी वाचलंही होतं.”

“मग?”

तपासनीस लाल पेनाचे टोपण लावत होती. ते बसत नव्हते. “चूक दिसली की तोंडातून निघूनच जातं माझ्या,” ती म्हणाली. “आधी मी दाखवली नाही, तर ती माझी ठरते.”

“तुमच्या ऑफिसात ठरत असेल. इथे ती त्या बाईच्या अंगावर उमटते. समजतंय का तुम्हाला? तो आता घरोघरी विचारणार आहे. एका जरी घरातून ‘आमच्याकडे कोणी आलं नाही’ असं आलं, तर रात्री ती उशी कुठे जाणार आहे, ते तुमच्या कोणत्या रकान्यात भरायचं?”

एक बाई मुलाचे औषध घेऊन बाहेर पडली आणि आवाज ऐकून लांबून गेली. तपासनीस मान खाली घालून उभी होती. तिच्या पर्समध्ये फोन घरघरला. तिने तो इतक्या झटकन काढला की पेन खाली पडले.

“मला एक फोटो काढावा लागेल,” ती म्हणाली.

“ह्या गल्लीत फोटो काढायचा नाही.”

“एकच. आत्ताच काढावा लागेल.”

“कुठल्या नियमाखाली?”

तपासनीसने वाकून पेन उचलले. या फोटोंची संशोधिकेच्या कार्यालयात चांगलीच थट्टा होत असे. तपासणीला आल्यापासून ही बाई जिथे जाई तिथला फोटो काढी: प्रशिक्षणाची खोली, बसथांबा, चहाची टपरी. काटेकोरपणामुळे सगळ्यांनी तिला ‘फूटपट्टी’ नाव ठेवले होते. “फूटपट्टी शिंकली तरी पुराव्यादाखल फोटो काढेल,” असे कोणीतरी म्हणालेही होते.

“मग पलीकडे, मोठ्या रस्त्यावर काढते,” तपासनीस म्हणाली. “तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहा. प्लीज.”

रस्ता ओलांडून तिने हात लांब करून दोघींचा फोटो घेतला. दुकानातला माणूस मागे दिसत होता, म्हणून जागा बदलून पुन्हा घेतला. पाठवला. मग फोनकडे बघत ती तिथेच उभी राहिली. फोन पुन्हा घरघरला, तेव्हाच तिने पाऊल उचलले. संशोधिकेने हे सगळे पाहिले. राग डोक्यात इतका भरला होता की दुसरे काही आत शिरायला जागा नव्हती.

कार्यालयात सिस्टरने सगळे ऐकून घेतले. सिस्टर म्हणजे मुलाखती घेणाऱ्या गटाची प्रमुख. सारी हयात रुग्णालयाच्या अपघात विभागात काढून निवृत्त झालेली. पट्ट्या बांधता बांधता जे पाहिले त्याने तिला घरी स्वस्थ बसू दिले नव्हते. “आपल्या गावात जिन्यावरून पडणाऱ्या बायका किती!” ती म्हणायची. “आणि त्यातल्या निम्म्यांच्या घराला जिनाच नाही.”

“आता असं आहे ताई,” सिस्टर चष्मा कपाळावर चढवत म्हणाली, “तुम्ही सगळ्या गल्लीत विचारतो म्हणालात ना? मग विचारू. त्यात काय एवढं.”

“सगळ्या?”

“एकही दार सोडायचं नाही. खोटं एकदा बोललो ते बोललो, आता ते खरं करून टाकू.”

उरलेल्या सगळ्या मुलाखती पुढे ढकलून अख्खा गट त्या गल्लीत उतरला. पाण्याच्या प्रश्नावलीच्या प्रती कमी पडल्या, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून काढून आणल्या. लोकांना वाटले, अखेर पाणीपुरवठा खात्याला जाग आली. एका आजोबांनी गेल्या कित्येक वर्षांच्या तक्रारींच्या नकला सिस्टरच्या हाती दिल्या. एका घरातल्या सासूबाईंनी तिला मोरीपाशी नेऊन वाकून वास घ्यायला लावला. “तुमच्या साहेबांना आणा इथे नाक घेऊन,” असे बजावून वर चहा पाजला. सिस्टरने दोन्ही गोष्टी निमूटपणे घेतल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचे दार झाले. शिवणाऱ्या बाईचा नवरा गॅलरीत उभा होता.

“झालं का मॅडम सगळ्यांचं?” त्याने वरून विचारले.

“झालं बाबा एकदाचं,” सिस्टरने खालून सांगितले. “पाय गेले माझे. तुमची टाकीच त्यातल्या त्यात बरी.”

तो खूश होऊन आत गेला.

आणखी काही दिवसांनी रुग्णालयात, अपघात विभागामागच्या लहानशा खोलीत शिवणारी बाई स्वतःच आली; तिथला पत्ता तिला मुलाखतीआधीच सांगून ठेवलेला होता. ही खोली संशोधनाच्या पुढच्या टप्प्यासाठी मागून घेतलेली होती. जखम घेऊन आलेल्या बाईला नवऱ्यापासून बाजूला घेऊन कोणी, कसे, काय विचारले तर ती पुढच्या वेळी जिवंत परत येते, हे त्या टप्प्यात पाहायचे होते. बाईच्या हातात गणवेशांची पिशवी होती. ‘शाळेत माल द्यायला जाते’ असे घरी सांगून ती आली होती. खुर्चीवर बसून तिने पिशवी पायाशी ठेवली, पदराने मान पुसली.

“उशीपर्यंत आलो होतो आपण,” ती संशोधिकेला म्हणाली.

प्रतिष्ठानाची बैठक दहाव्या मजल्यावर होती. काचेच्या भिंती, लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि नावाची पाटी. संशोधिकेपुढच्या पाटीवर तिच्या संस्थेचे नाव होते. तिच्या शेजारच्या खुर्चीत तपासनीस बसली होती, कारण टेबलाशी बायका त्या दोघीच होत्या आणि ज्याने खुर्च्या लावल्या त्याला ते सोयीचे वाटले असावे. समोर अध्यक्ष आणि समितीचे इतर सदस्य होते. पुढच्या टप्प्याला निधी द्यायचा की नाही, हे आज ठरायचे होते. नाही ठरले, तर महिनाअखेरीस खोलीची किल्ली रुग्णालयाला परत जाणार होती.

अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. आवाज चढवण्याची त्यांना कधी गरज पडली नसावी.

“तुमच्या कामाबद्दल आदरच आहे,” ते म्हणाले. “पण हे एक मला समजावून सांगा. तुमचा पूर्ण गट दोन दिवस एका गल्लीत पाण्याचे प्रश्न विचारत होता. त्या दोन दिवसांचं मानधन आपल्या निधीतून गेलं. बरोबर?”

“बरोबर.”

“पाण्यावरच्या संशोधनाला आपण निधी दिलेला नाही.”

एका सदस्याला हसू आले. त्याने ते बाटलीच्या घोटात बुडवले.

संशोधिकेने सांगितले. दुसरी प्रश्नावली कशासाठी असते, ती मूळ प्रस्तावात कोणत्या पानावर आहे, त्या घरात काय घडले. प्रश्नावलीत नसलेल्या प्रश्नाला हरकत कोणी घेतली, एवढे मात्र तिने वगळले. ‘अडचण आली’ इतकेच म्हणाली. शेजारी तपासनीसचा चमचा कपात ढवळायचा थांबला.

“म्हणजे प्रश्नावल्या दोन,” अध्यक्ष म्हणाले. “आणि खरी कोणती, खोटी कोणती, ते ऐन वेळी तुमची माणसं ठरवणार. मग माहिती पडताळायची कशी? मी तर म्हणत होतो, मुलाखत दिलेल्या बायकांना आपल्या कार्यालयातून एक-एक फोन करू. दोन मिनिटांचं काम. ‘तुम्हाला अमुक विषयावर विचारलं का?’ बस. त्यालाही तुमची ना.”

“फोन कोण उचलेल, सर?”

“ज्यांचा आहे त्या.”

“त्या घरांत फोनही त्यांचा नसतो.”

अध्यक्षांनी हाताने, असू दे, अशी खूण केली. “हे पाहा, कळकळ मलाही आहे. पण किती दिवस नुसतं विचारत राहायचं? बायकांना मार बसतो, हे सर्वांना माहीत आहे. मला काहीतरी ठोस हवं. समितीपुढे एक सूचना आहे: हाच निधी वापरून बायकांना शिट्ट्या वाटायच्या. चांगल्या, मोठ्या आवाजाच्या. उद्घाटन होईल, वर्तमानपत्रांत येईल, लोकांत जागृती होईल.”

“शिट्टी रस्त्यावर वाजवतात, सर,” संशोधिका म्हणाली. तिचा कमावलेला आवाज कुठल्या कुठे गेला होता. “घरात ती कोणासाठी वाजवायची? जो ऐकेल तोच तर मारतोय. सगळ्यांना माहीत आहे म्हणता, मग अपघात विभागातून बांधलेल्या पट्टीसकट बाईला त्याच माणसाच्या हाती का देतात? काय विचारलं की ती खरं बोलते आणि काय विचारलं की गप्प होते, हे कोणाला माहीत आहे? पूल बांधायचा तर तुम्ही आधी माती तपासता. नुसत्या कळकळीवर खांब उभा करत नाही. बायकांच्या बाबतीतच कशी तुम्हाला कळकळ पुरते?”

टेबलाभोवती शांतता पसरली. रागावलेल्या बाईसमोर सभ्य माणसे जशी शांत बसतात तशी ती होती. तिचा राग ओसरला की मुद्द्यावर यायचे, एवढाच त्या शांततेचा अर्थ.

“ठीक आहे,” अध्यक्ष अखेर म्हणाले. “आपल्या तपासनीस तिथे होत्या. त्यांच्याकडूनच ऐकू. आणि मॅडम, तुम्ही म्हणे जागोजागी फोटो काढत होता? अहवालात तर एकही नाही. ते लावा ना. निदान काहीतरी पुरावा.”

तपासनीसने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि टेबलावर उपडा ठेवलेला तिचा फोन घरघरला.

तिने माफी मागितली नाही, बाहेर गेली नाही. फोन उचलून तिने आधी पडद्यावर पाहिले, मग टेबलाकडे. अध्यक्षांची आपल्या बाजूला सरकलेली नावाची पाटी तिने बोटाने दूर सारली. दोन्ही कप जवळ आणले.

“ताई, जरा इकडे सरकता?” ती हळूच म्हणाली.

आवाज सपाट होता. त्यात भीती नव्हती, घाई नव्हती, काहीच नव्हते. संशोधिकेला तो आवाज ओळखीचा वाटला, कारण तसाच कमवायला तिला बरीच वर्षे लागली होती. ती सरकली.

शेजारी बसल्यामुळे तिला पडदा दिसत होता. चौकटीत दोन कप होते, बिस्किटांची बशी, तिचा स्वतःचा खांदा आणि बांगडीचा हात, मागे काचेबाहेरचे आकाश. टेबलाशी बसलेल्या इतक्या पुरुषांपैकी एकाचीही बाही त्यात नव्हती. फोन किंचित डावीकडे वळला, एका सदस्याच्या बाटलीचे टोक चौकटीतून गेले, आणि मगच फोटो निघाला. तो पाठवताना संशोधिकेला वरचे नाव दिसले नाही, पण त्याखालचा संदेश दिसला: ‘कोण कोण आहे’.

तपासनीस थांबून राहिली. समितीही थांबली, कशासाठी ते न कळून. फोन घरघरला. तिने तो पुन्हा उपडा ठेवला.

“फोटो ऑफिसचे नाहीत, सर,” ती म्हणाली. “ते लावता येणार नाहीत.”

“बरं. मग पाण्याचे प्रश्न विचारले गेले की नाही?”

“विचारले गेले. विचारायलाच हवे होते. मुलाखत चालू असताना घरातला माणूस आला आणि ह्यांनी नियमाप्रमाणे प्रश्न बदलला. हरकत घेतली ती मी. सगळ्यांसमोर, त्या माणसासमोर. तो नियम मला शिकवलेला होता, तरी घेतली. मग माझी चूक निस्तरायला ह्यांच्या गटाने दोन दिवस घातले. अहवालात ते लिहिलं आहे, तिसऱ्या पानावर. कोणी वाचलं नसावं.”

पाने उलटल्याचे आवाज झाले.

“पण तुम्हाला असं नाही वाटत,” अध्यक्षांनी चाचपडत विचारले, “की ही जरा जास्तच खबरदारी आहे? एका प्रश्नावरून एवढं?”

“नाही, सर,” तपासनीस म्हणाली. “जास्त नाही.”

आपल्याच माणसाने आपल्याच अहवालात चूक कबूल केल्यावर समितीला दुसरे काही सुचेना. थोडी कुजबुज झाली. पुढचा टप्पा तूर्त चालू ठेवावा, शिट्ट्यांचा विचार वर्षाच्या शेवटी करावा, असे ठरले. आणि यापुढे पाण्याचे प्रश्नही आधी समितीकडून मंजूर करून घ्यावेत, अशी अट अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिली. संशोधिकेने ती वाचून खाली सही केली. सही करताना पेनाचे टोक कागदात रुतले.

बाहेरच्या मार्गिकेत पिण्याच्या पाण्याचे यंत्र होते. तपासनीस त्याच्यासमोर उभी राहून बाटली भरत होती. फोन तिने काखेत धरला होता. संशोधिका तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

कोणत्याही बाईला थेट काय विचारायचे नाही, हे ती गेली कित्येक वर्षे प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या तासाला शिकवत आली होती. ‘मारतो का’ असे विचारायचे नाही. ‘सहन का करता’ असे तर कधीच नाही. पाऊल वाजण्याची शक्यता असेल तिथे काहीही विचारायचे नाही. मागे बैठकीच्या खोलीचे दार उघडे होते आणि आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. औषधांच्या दुकानासमोर आपण हिच्यावर किती ओरडलो, ते तिला आठवले. ‘फूटपट्टी’ हे ठेवलेले नावही आठवले. तिने फाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“तुमच्याकडे पाणी कसं येतं?” तिने विचारले.

तपासनीसचा हात तोटीवर थांबला. तिने वळून पाहिले नाही.

“नळाचंच,” ती म्हणाली.

“उकळता की गाळता?”

“गाळते.”

अध्यक्ष बाहेर आले. दोघींना पाहून त्यांनी हसून हात वर केला.

“अजून पाणीच का, मॅडम?”

“पाणीच, सर,” संशोधिका म्हणाली. “मंजुरीसाठी पाठवते.”

ते मोठ्याने हसले. लिफ्टचे दार उघडले, मिटले. मार्गिकेत यंत्राची गुणगुण तेवढी राहिली. बाटली भरून पाणी तिच्या बोटांवरून वाहू लागले होते. तपासनीसने तोटी बंद केली, झाकण फिरवले, ओला हात साडीला पुसला. काखेतला फोन हातात घेऊन तिने त्याचा पडदा एकदा पाहिला आणि तो पर्समध्ये तळाशी, रुमालाखाली ठेवला.

“शनिवारी दुपारी घरात मी एकटी असते,” ती म्हणाली. “फोन करू नका. सरळ या.”

संशोधिकेने मान हलवली.

तपासनीस जिन्याकडे वळली. दोन पायऱ्या उतरून ती थांबली आणि वर न पाहता म्हणाली,

“आणि येताना दोन्ही प्रश्नावल्या आणा.”